अशर्फी वितळवा आणि अभिमान मिरवा

मराठवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरात अशर्फी होती. एका बाजूला चारमिनार, कमानीत एक अक्षर, मागे फारसी मजकूर. आजीच्या गळ्यातली म्हणून तिला वर कडी झाळलेली. घरातल्या मुलीच्या लग्नात पैसा कमी पडला तेव्हा ती सराफाकडे गेली. सराफाने कडीच्या टाक्याची घट धरली, सुमारे ११ ग्रॅम सोन्याचा भाव केला आणि ती मुशीत टाकली. आम्ही घरातल्या थोरल्या मुलाला विचारले, कमानीत अक्षर कोणते होते, ऐन की मीम? सन कोणता होता? तो म्हणाला, "उर्दूत काहीतरी होतं." हाच मुलगा दर वर्षी जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमात आपल्या वैभवशाली वारशावर अर्धा तास बोलतो.

गरजेपोटी सोने विकले म्हणून आम्ही कुणाला दोष देणार नाही. लेकीचे लग्न नाण्यापेक्षा मोठे आहे. आमचा राग त्या "काहीतरी"वर आहे. ऐन असते तर ती शेवटचे निजाम उस्मान अली खान यांची, मीम असते तर त्यांच्या वडिलांची, महबूब अली खान यांची. एवढे कळायला अलिफ-बे पुरते. शुक्रवारी खुत्बा ऐकणाऱ्या, लहानपणी मक्तबात कुराण नाजरा संपवलेल्या माणसाला हातातल्या सोन्यावरचे एक अक्षर वाचावेसे वाटले नाही, ही गोष्ट आम्हाला अशर्फी गेल्यापेक्षा जास्त लागली.

जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक गोष्टी रचतात. उरुसात, दर्ग्याच्या वाटेवर, जुन्या बाजारात एक माणूस हमखास भेटतो. रुमालात गुंडाळलेले पिवळे नाणे, त्यावर कलमा, चार खलिफांची नावे, कधी काबाशरीफचे चित्र. तो हळूच म्हणतो, "हुजूर के जमाने का है. घर में रखो, बरकत होगी." घेणारे घेतात. शिकलेलेही घेतात. कुणी पाच हजारांना, कुणी पन्नास हजारांना. आम्ही जाहीरपणे सांगतो की असे नाणे नाही, नव्हते आणि असूच शकत नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी स्वतःचे नाणे कधी पाडले नाही. त्यांच्या काळात हिजाजात सोन्याचा दीनार चालायचा तो रूमी बादशहाचा, बायझंटाईनचा, त्यावर राजाचा मुखवटा आणि क्रूस. चांदीचा दिरहम चालायचा तो इराणच्या सासानी शहेनशहाचा, त्यावर अग्निकुंड. कुराणात दीनारचे नाव आले आहे (३:७५), दिरहमचे आले आहे (१२:२०), ते याच नाण्यांचे. मदिनेच्या बाजारात सहाबांनी याच नाण्यांनी खजूर घेतले, कर्ज दिले, जकात काढली. परक्याच्या चित्राचे नाणे खिशात असल्याने त्यांच्या ईमानाला धक्का बसला नाही. आमच्या भाबड्यांना मात्र बरकतीसाठी कलम्याचा बिल्ला लागतो. हे बिल्ले गेल्या शे-दीडशे वर्षांत भक्तांसाठी पाडलेले आहेत. त्यातले काही चांगले, जुने, जपावे असेही आहेत. पण ते नाणे नव्हे. ते पैगंबरांच्या नावावर खपवणे ही फसवणूक आहे, आणि जुम्म्याच्या बयानात या फसवणुकीवर एक शब्द कधी ऐकू येत नाही.

मुसलमानांचे स्वतःचे, निखळ अक्षरांचे सोन्याचे नाणे आले ते हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ. स. ६९६-९७ साली. उमय्या खलिफा अब्दुल मलिक बिन मरवान याने ते पाडले. जेरुसलेमचा कुब्बतुस्सखरा बांधणारा हाच. त्याआधी रूमी दीनारची नक्कल करून क्रूसाची आडवी दांडी उडवण्याचा प्रयोग झाला. मग हिजरी ७४ ते ७७ या काळात तलवार घेऊन उभ्या असलेल्या खलिफाचे चित्र असलेला दीनारही निघाला. होय, चित्र. ज्यांना वाटते की इस्लामी नाण्यावर माणसाचे चित्र ही मोगलांनी केलेली बिघाडी, त्यांनी हा दीनार पाहावा. तो आज जगातल्या अतिदुर्मिळ नाण्यांत मोडतो. पुढे खलिफाने तेही काढले आणि दोन्ही बाजूंना फक्त मजकूर ठेवला. मध्यभागी तौहीदचा कलमा, भोवती रिसालतची साक्ष. मागे सूरह इख्लासचे शब्द आणि किनारीवर "हा दीनार अमुक साली पाडला" ही नोंद. त्यावर खलिफाचे नाव नाही. टांकसाळीचे नाव नाही. ज्याचे राज्य दूरदूर पसरत होते त्या माणसाने सोन्यावर आपले नाव घातले नाही. आमच्याकडे मशिदीला पंखा दिला तरी पात्यावर देणगीदाराचे नाव येते!

हे नाणे ओळखायचे कसे? व्यास सुमारे दोन सेंटिमीटर, वजन ४.२५ ग्रॅमच्या आसपास. लिपी कूफी, नुक्ते नाहीत. खरी परीक्षा इथेच होते. साल अक्षरांत लिहिलेले असते, आणि नुक्त्यांशिवाय "सबअ" म्हणजे सात आणि "तिसअ" म्हणजे नऊ हे दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच दिसतात. सीनचे तीन दाते आणि एक जास्तीचा, असे चार दाते दोन्हीकडे. फरक एवढाच की सबअमध्ये शेवटचा दाता, ऐनच्या आधीचा, उंच असतो. तिसअमध्ये पहिला उंच. सत्तर-नव्वदचेही तसेच. या एका दात्याच्या उंचीवर साल बदलते, सालावर दुर्मिळता आणि दुर्मिळतेवर किंमत. हिजरी १०५ चा एक दीनार आहे. त्यावर नेहमीच्या मजकुराखाली आणखी शब्द आहेत: "अमीरुल मोमिनीनची खाण, हिजाजमध्ये". म्हणजे हे सोने कोणत्या भूमीतून निघाले ते नाण्यावरच लिहिले आहे. लंडनच्या लिलावात २०११ साली असा एक दीनार सुमारे ३७ लाख पौंडांना गेला, २०१९ साली दुसराही जवळपास तेवढ्यालाच. सोने सव्वाचार ग्रॅम, बाकी सगळी किंमत वाचनाची.

आता कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे खेळ, आम्हा गरिबांना त्याचे काय? त्यांनी जकातीचा हिशोब काढावा. सोन्याचा निसाब वीस दीनार, म्हणजे वीस मिस्काल. आपल्याकडे हिंदुस्थानात तो साडेसात तोळे धरतात, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. अरब देशांत ८५ ग्रॅम धरतात. हा फरक आला कुठून? युसुफ करजावी यांनी जकातीवरील आपल्या ग्रंथात दीनारचे वजन ४.२५ ग्रॅम धरले ते संग्रहालयांत जपलेल्या जुन्या दीनारांच्या वजनावरून. वीस गुणिले सव्वाचार, पंच्याऐंशी. आपल्याकडचा आकडा जव-रत्तींच्या हिशोबाने तोळ्यांत उतरला. दोन्हींत अडीच ग्रॅमचे अंतर. ज्या घरात ८६ ग्रॅम सोने आहे त्या घरावर जकात फर्ज की नाही, हा प्रश्न शेवटी एका जुन्या नाण्याच्या वजनापाशी येतो. कोकणातले आमचे शाफई बांधव स्त्रीच्या नित्य वापरातल्या दागिन्यावर जकात मानत नाहीत, घाटावरचे हनफी सोने कोणत्याही रूपात असो मानतात. तो वाद आम्ही इथे काढत नाही. आमचे म्हणणे एवढेच की नाण्यांचे शास्त्र हा धर्माबाहेरचा छंद आहे असे सांगणाऱ्या मौलवींनी आपल्याच किताबातला आकडा कुठून आला ते आधी तपासावे.

आणि हे शास्त्र उभे केले कुणी? ब्रिटिश म्युझियममधल्या पौर्वात्य नाण्यांची दहा खंडांची सूची १८७५ ते १८९० या काळात स्टॅन्ली लेनपूल यांनी केली. दिल्लीच्या सुलतानांच्या नाण्यांवर १९३६ साली ग्रंथ लिहिला नेल्सन राइट यांनी. मोगल नाण्यांचे मर्म उलगडले जुनागडचे पारशी प्राध्यापक होडीवाला यांनी, १९२३ साली. पुण्यात बसून आयुष्यभर फारसी कागद वाचणारे ग. ह. खरे होते. आपल्यातले नाव घ्यायचे तर हैदराबादच्या संग्रहालयातल्या बहमनी नाण्यांची सूची करणारे अब्दुल वली खान आठवतात. ती सूची १९६४ साली निघाली. असे आणखीही असतील, पण थोडे. परक्यांनी केले याचे आम्हाला दुःख नाही, आम्ही त्यांचे ऋणी आहोत. दुःख याचे की महाराष्ट्रात मदरशांतून दर वर्षी अरबी जाणणारी मुले बाहेर पडतात आणि त्यांतल्या एकालाही कूफीतला दीनार वाचून दाखवा म्हटले तर तो गोंधळतो. कूफी शिकायला अरबी येणाऱ्याला किती दिवस लागतील? एक रमजान पुरे. उलट नाणी जमवणारे बहुतेक जण अरबी न येता, चित्र पाहून, अक्षराच्या वळणावर बोट ठेवून नाणे ओळखायला शिकतात. भाषा येणाऱ्याला नाणे माहीत नाही, नाणे माहीत असणाऱ्याला भाषा नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे. आमच्या किती मुदर्रिसांनी तिचे नाव ऐकले आहे?

हिंदुस्थानातल्या नाण्यांकडे आलो की आमच्या अभिमानाची आणखी पंचाईत होते. मुहम्मद बिन साम, ज्याला लोक शहाबुद्दीन घोरी म्हणतात, त्याच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला बसलेली लक्ष्मी आहे आणि दुसऱ्या बाजूला नागरीत त्याचे नाव. गाहडवालांच्या नाण्याचा साचा त्याने तसाच चालू ठेवला, कारण बाजाराला ते नाणे ठाऊक होते. महमूद गझनवीने लाहोरला पाडलेल्या चांदीच्या दिरहमवर हिजरी ४१८-१९ मध्ये कलम्याचा आशय संस्कृतात आहे. "अव्यक्त एक आहे" अशी सुरुवात, आणि पैगंबरांसाठी योजलेला शब्द "अवतार". अकबराच्या शेवटच्या काळातल्या सोन्याच्या अर्ध्या मोहरेवर धनुष्यधारी राम आणि मागे सीता. ही नाणी आम्ही दोन प्रकारच्या लोकांना दाखवली. घोरी आणि गझनवी म्हणजे केवळ मूर्तिभंजक असे मानणाऱ्यांना ती नकोशी वाटली. एक जण तर खोटी आहेत म्हणाला. आणि आमच्यातल्या कडव्यांनाही ती तितकीच नकोशी वाटली. एका हाजीसाहेबांनी नजर फिरवली आणि म्हणाले, "असल्या गोष्टी बाहेर काढू नका." दोघांनाही आपापला घोरी हवा आहे, नाण्यावरचा कुणालाच नको. आम्ही घोरीला सेक्युलर ठरवायला निघालेलो नाही. त्याने लढाया केल्या, लूट केली, आणि बाजार चालावा म्हणून लक्ष्मीचे नाणेही पाडले. तिन्ही खरे आहे.

स्त्रियांचेही तसेच. हिजरी ६४८ मध्ये, म्हणजे १२५० साली, कैरोत शजरुद्दुर या स्त्रीच्या नावाने दीनार पडला. त्यावर तिची पदवी "मलिकतुल मुस्लिमीन", मुसलमानांची राणी. १६२४ ते १६२७ या काळात जहांगिराच्या टांकसाळींतून नूरजहाँच्या नावाच्या मोहरा आणि रुपये निघाले. स्त्रीला जमातच्या कमिटीत घ्यायचे की नाही यावर वर्षानुवर्षे खल करणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना हे दीनार दाखवले पाहिजेत. इस्लामी नाण्यावर सार्वभौमत्वाच्या दोनच खुणा मानल्या, खुत्ब्यात नाव आणि सिक्क्यावर नाव. त्यातली सिक्क्याची खूण या स्त्रियांकडे होती.

कलमा नाण्यावर असावा का, यावरही आपल्या पूर्वजांनी वाद घातला आहे. हज्जाजने कुराणाचे शब्द घातलेले दिरहम पाडले तेव्हा फुकहांनी नाक मुरडले आणि त्या नाण्यांना "मकरूहा" हे नाव पडले, असे बलाजुरी नोंदवतो. नाणे वुजू नसलेल्याच्या, काफिराच्याही हाती जाते, हा आक्षेप. हजारभर वर्षांनी औरंगजेबाने त्याच कारणासाठी मोहरेवरून आणि रुपयावरून कलमा काढला. ज्याला आमचे लोक कलम्याचा रक्षक समजतात त्याच्या नाण्यावर कलमा नाही! त्या जागी फारसी शेर आला. शेरातली उपमा सोन्यावर सूर्याची आणि चांदीवर पूर्णचंद्राची. मोहर ओळखायची ही एक सोपी खूण. मागच्या बाजूला टांकसाळ आणि जुलूसचे, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष. "खुजिस्ता बुनियाद" हे शब्द दिसले तर ती मोहर आपल्या औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या टांकसाळीची. पण ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून बऱ्याचदा नेमका सालाचाच तुकडा चकतीबाहेर राहतो. ज्या मोहरेवर गाव आणि साल दोन्ही पूर्ण उतरले आहे तिची किंमत त्यामुळेच चढते.

आपल्या दख्खनची तर ही नाणी मायभूमीची. अलाउद्दीन खिलजीच्या सोन्याच्या टंक्यावर "किला देवगीर" आहे. मुहम्मद बिन तुघलकाच्या पितळी नाण्यांवर, हिजरी ७३० ते ७३२, "तख्तगाह दौलताबाद" आहे. ही पितळ सोन्या-चांदीच्या भावात चालवायचा त्याचा हुकूम कसा फसला ते शाळेतल्या पुस्तकातही येते. त्याचा सोन्याचा दीनार मात्र भारदस्त, पावणेतेरा ग्रॅमच्या वर. पुढे त्याने स्वतःचे नाव काढून कैरोच्या अब्बासी खलिफाचे घातले. खलिफा मुस्तकफी १३४० साली वारला तरी दिल्लीत काही वर्षे त्याच्याच नावाने सोने पडत राहिले, कारण बातमी पोचली नव्हती. बहमनींचे सोने गुलबर्ग्याला, म्हणजे अहसनाबादला, आणि बीदरला, म्हणजे मुहम्मदाबादला पडले. फरिश्ता सांगतो की पहिल्या मुहम्मदशाह बहमनीच्या काळात (१३५८-१३७५) सराफ ही नाणी वितळवत, म्हणून सुलतानाने त्यांना देहान्त शासन दिले. क्रूर गोष्ट. आम्ही तिचे समर्थन करत नाही. पण बहमनी सोने वितळवल्याबद्दल सहाशे वर्षांपूर्वीच्या सराफांना नावे ठेवणारे आमचे वक्ते आज स्वतःच्या हाताने मोहर मुशीकडे नेतात, तेव्हा फरिश्ता आठवल्याशिवाय राहत नाही.

संग्राहकांनाही दोन शब्द. आम्ही संग्राहकांचे शत्रू नाही. त्यांनी जपले म्हणून बरेच वाचले. पण मोहर लॉकरमध्ये ठेवायची, तिचा फोटो कुणाला द्यायचा नाही, वजन सांगायचे नाही, ही जपणूक नव्हे. सोने-चांदी साठवून ठेवणाऱ्यांसाठी कुराणात (९:३४) इशारा आहे, आणि ज्ञान दडवणाऱ्यालाही हदीसमध्ये माफी नाही. जहांगिराचे हजार तोळ्यांचे नाणे, १६१३ साली आग्र्याला पाडलेले, सुमारे बारा किलोचे, १९८७ साली जिनिव्हाच्या लिलावात मांडले गेले. विक्री झाली नाही आणि ते पुन्हा डोळ्यांआड गेले. एवढे मोठे सोने नाहीसे होते, तर दहा ग्रॅमच्या मोहरेचे काय सांगावे?

नव्याने शिकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की आजची बनावट नाणी चांगल्या सोन्याची असतात. पाण्यात तोलून घनता काढली, शुद्ध सोन्याच्या १९.३ च्या जवळ आली म्हणून नाणे खरे ठरत नाही. सोने खरे ठरते, एवढेच. ओतलेल्या नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. ठोकलेल्या नाण्याची अक्षरे धारदार उठतात. जहांगिराच्या बारा राशींच्या मोहरांच्या नकला तर पोत्याने झाल्या आहेत. कुणी स्वस्तात राशीची मोहर देऊ लागला तर सलाम करून वाट धरावी. शेतात-पायात नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे असते. शंभर वर्षांहून जुने नाणे दुबईच्या भाच्याला भेट म्हणून पाठवणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या काही सधन बांधवांना हे ऐकून आश्चर्य वाटते.

आमची मागणी मोठी नाही. विकायचे असेल तर विका. पण सराफाची पायरी चढण्याआधी मोहरेच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, तराजूवर वजन घ्या, कुणाच्या घरून कुणाकडे आली ते आजीला विचारून लिहून ठेवा. मशिदीच्या इमामसाहेबांना दाखवा आणि वाचायला सांगा. वाचता आले नाही तर त्यांना शिकायला सांगा. कडी झाळू नका, भोक पाडू नका, चिंचेने घासू नका. पुतळ्यांच्या माळेत शेजारी व्हेनिसचे नाणे असेल तर त्याचाही फोटो काढा. ज्याला बायका पुतळी म्हणतात तो परक्या मुलखातला संत आणि राज्यप्रमुख आहे, पण तोही आपल्याच घरात राहिला आहे. आणि मदरशांच्या विश्वस्तांनी वर्षातून एक दिवस, एकच दिवस, एखाद्या नाणेवाल्याला बोलावून मुलांच्या हाती खरा दीनार द्यावा. नुक्ते नसलेली दोन अक्षरे त्यांच्यासमोर ठेवावीत आणि विचारावे, सात की नऊ?